चॅम्पियन टीम बुडते कशी: एप्सिलॉन एउस्कादीचा जमाखर्च

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांतात एप्सिलॉन एउस्कादी नावाची छोटी रेसिंग टीम होती. २००५ मध्ये पोलंडचा ड्रायव्हर रॉबर्ट कुबित्सा याला घेऊन ती वर्ल्ड सिरीज बाय रेनो या ज्युनियर मालिकेत चॅम्पियन झाली. २००८ मध्ये स्वतः बनवलेल्या दोन गाड्या घेऊन फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरली. २००९ आणि २०१० मध्ये तिने फॉर्म्युला वनसाठी अर्ज केले आणि २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. विचारणारे पुण्यात मेकॅनिकल शिकतात, कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये सस्पेन्शनचं काम बघतात, आणि युरोपातल्या एका छोट्या टीमकडून त्यांना बोलावणं येण्याची शक्यता आहे. "फॉर्म्युला वनने नाकारलं म्हणून ही टीम संपली असं वाचलं, ते खरं का? आणि अशा टीममध्ये जावं का?" असं त्यांनी विचारलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो: नाही. नकार आला तेव्हा दुखणं बरंच जुनं झालं होतं. टीम कमवत होती एका धंद्यातून आणि खर्च अंगावर घेतला दुसऱ्याच धंद्याचा. मी या टीममध्ये कधी नव्हतो. पण ज्युनियर फॉर्म्युला आणि प्रोटोटाइप (ल मान्ससारख्या लांब शर्यतींसाठी खास बनवलेल्या गाड्या), दोन्हीकडच्या छोट्या टीममध्ये रेस इंजिनियर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, आणि पुढे बजेटच्या बैठकांनाही बसावं लागलं. त्यामुळे हे प्रकरण मला शर्यतींच्या निकालांपेक्षा वहीखात्यातून जास्त उलगडतं.

टीमचा कर्ताधर्ता होता जोआन व्हिलादेलप्रात, मूळचा बार्सिलोनाचा. मेकॅनिक म्हणून सुरुवात करून तो मॅक्लारेन, फेरारी, टायरेल असं करत बेनेटनमध्ये पोहोचला. शूमाकरने १९९४ आणि १९९५ ची विजेतीपदं मिळवली तेव्हा बेनेटनचा रोजचा कारभार बघणाऱ्यांत तो होता. नंतर अ‍ॅलन प्रोस्टच्या टीममध्येही त्याने वरचं पद सांभाळलं. म्हणजे स्पॅनर हातात धरलेला आणि मोठा कारखाना चालवलेला, असा दोन्ही टोकं पाहिलेला माणूस. अशी माणसं या क्षेत्रात मोजकीच. हे मुद्दाम सांगतो, कारण टीम बुडाली की लोक लगेच "हौशी लोक होते" असं म्हणून मोकळे होतात. इथे हौशी कुणी नव्हतं.

आता धंदा समजून घ्या. २००५ मध्ये रेनोने आपली युरोपातली व्ही-सिक्स मालिका आणि स्पेनमध्ये वाढलेली निस्सानची वर्ल्ड सिरीज एकत्र करून वर्ल्ड सिरीज बाय रेनो उभी केली. सगळ्यांना एकच गाडी: डल्लारा या इटालियन कंपनीची चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, मिशेलिनचे टायर. टीमने स्वतःचं काही बनवायचं नाही, गाडी विकत घ्यायची आणि चालवायची. उत्पन्न येतं ड्रायव्हरकडून. ड्रायव्हर म्हणजे त्याचे वडील, त्याचा स्पॉन्सर किंवा एखाद्या मोठ्या कंपनीची ज्युनियर योजना. ते एका मोसमाच्या सीटसाठी काही लाख युरो मोजतात. आपल्याकडच्या नावाजलेल्या कोचिंग क्लाससारखाच हा मामला: गेल्या वर्षीचा टॉपर भिंतीवर लावायचा आणि त्याच्या जोरावर यंदाची फी घ्यायची. एप्सिलॉनच्या भिंतीवर पहिल्याच वर्षी कुबित्सा लागला. क्राकोचा हा पोरगा पैशाने फार भक्कम नव्हता, पण २००५ चं विजेतेपद त्याने मिळवलं, बक्षिसात रेनोच्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी तो बीएमडब्ल्यू सॉबरमधून ग्रां प्रीमध्ये उतरला. आपल्याकडचा करुण चांडोकही त्या मोसमातल्या काही शर्यतींत दुसऱ्या टीमकडून धावला होता.

या कामात एप्सिलॉन खरोखर चांगली होती. २००७ मध्ये फॉर्म्युला रेनो दोन लिटरच्या युरोकपचं विजेतेपद ब्रेंडन हार्टलीने त्यांच्याच रेड बुलच्या रंगातल्या गाडीतून जिंकलं. हाइमे आल्गेर्सुआरीही त्या वर्षी तिथेच होता. दोन वर्षांत तो एकोणिसाव्या वर्षी टोरो रोसोतून फॉर्म्युला वनमध्ये आला. २००९ चा युरोकप आल्बर्ट कोस्ताने पुन्हा एप्सिलॉनकडूनच जिंकला. लक्षात घ्या, २००९ म्हणजे वहीखात्यात आग लागलेली असताना. पैशाचं गणित कोसळत असतानाही गॅरेजमधली शिस्त टिकून होती.

सगळ्यांची गाडी एक असताना एक टीम जिंकते कशी, हे तुमच्या कामाचं आहे म्हणून जरा थांबून सांगतो. स्प्रिंग, डॅम्पर, अँटीरोल बार, विंगचा कोन, चाकांचे कॅम्बर आणि टो हे कोन, टायरमधली हवा: बदलायला एवढंच हातात असतं. पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमचे ट्रक उभे असतात त्या आवारात, ट्रकच्या मागे एक सपाट पाटा मांडलेला दिसेल. लेझरने लेव्हल केलेला पाटा, त्यावर चार वजनकाटे. गाडी काट्यांवर ठेवायची, ड्रायव्हरला हेल्मेटसकट आत बसवायचं, आणि चारही कोपऱ्यांचं वजन वाचायचं. पुढचं डावं आणि मागचं उजवं यांची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी यायला हवी. येत नसेल तर पुशरॉडची (चाकाकडून स्प्रिंगकडे जोर नेणाऱ्या दांड्याची) लॉकनट सैल करून अ‍ॅडजस्टर एक फ्लॅट फिरवायचा, म्हणजे षटकोनी नटाची एक बाजू, साठ अंश. एका कोपऱ्यावर एक फ्लॅट फिरवला की बाकी तिन्ही आकडे हलतात, गाडीची उंचीही हलते, मग ती पुन्हा मोजायची. चांगल्या टीममध्ये हे काम प्रत्येक सेशननंतर होतं, कुणी बघत नसलं तरी होतं, आणि रात्री नऊला थकलेला मेकॅनिकही "चालेल एवढं" म्हणत नाही. पात्रता फेरीत पोलपासून, म्हणजे पहिल्या जागेपासून, दहाव्या क्रमांकापर्यंत सगळे एका सेकंदात बसतात. ही शिस्त तिथे दिसते.

या शिस्तीला भांडवल फारसं लागत नाही. चार-सहा गाड्या, दोन-तीन ट्रक, वीस-पंचवीस माणसं आणि एक मध्यम शेड. एखाद्या वर्षी ड्रायव्हर कमी मिळाले तर एक गाडी कमी उतरवायची, फ्रीलान्स मेकॅनिकना बोलवायचं नाही, खर्च खाली येतो. युरोपातल्या कितीतरी टीम अशाच वीस-वीस वर्षं जगतात. त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

एप्सिलॉनला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं, आणि त्यामागे बास्क मातीचा हात आहे. हा प्रांत यंत्रकामाचा. एइबार, एल्गोइबार ही मशीन टूलची गावं, मोंद्रागॉनच्या कामगार सहकारी संस्था, व्हितोरियात मर्सिडीजचा व्हॅनचा कारखाना आणि मिशेलिनचा टायरचा. चाकणमध्ये ज्यांनी वाहनांच्या सुट्या भागांत काम केलंय त्यांना सीआयई हे नाव ओळखीचं असेल. महिंद्राचा फोर्जिंगचा धंदा २०१३ मध्ये ज्यांच्याशी जोडला गेला ती ही बिल्बाओची कंपनी. शिवाय बास्क प्रांतांना स्वतःचे कर स्वतः गोळा करण्याचा जुना अधिकार आहे, त्यामुळे तिथल्या सरकारच्या हाती उद्योग धोरणासाठी खरा पैसा असतो. त्यात २००५ आणि २००६ मध्ये फर्नांदो आलोन्सो जगज्जेता झाला. सगळा स्पेन मोटर रेसिंगने वेडा झाला, व्हॅलेन्सियाने २००८ मध्ये बंदरातल्या रस्त्यांवर ग्रां प्री भरवली. अशा वातावरणात "आमच्या प्रांतात कार्बन फायबर, एरोडायनॅमिक्स आणि रेसिंग तंत्रज्ञानाचं केंद्र उभं करू, इथल्या मुलांना इथेच काम देऊ" असं कुणी म्हटलं तर कुठलं सरकार नाही म्हणेल? टीमच्या नावातच प्रांताचं नाव होतं. गिपुस्कोआतल्या अस्कोइतियाहून टीम व्हितोरियाजवळच्या तंत्रज्ञान उद्यानात नव्या मोठ्या वास्तूत गेली. विंड टनेलही त्या आराखड्यात होती. सार्वजनिक पैसा त्यात गुंतला, आणि तो बुडाल्यावर बास्क संसदेत त्याची विचारपूस झाली.

या सगळ्याचं फळ म्हणजे ईई-वन. ल मान्सच्या वरच्या वर्गासाठी, एलएमपी-वनसाठी, पूर्ण स्वतः बनवलेली बंद छपराची गाडी. तांत्रिक प्रमुख सर्जिओ रिनलँड, म्हणजे २००१ च्या सॉबर सी-ट्वेंटीमागचा अर्जेंटिनाचा इंजिनियर. इंजिन जड (Judd) या ब्रिटिश कंपनीचं, साडेपाच लिटरचं व्ही-टेन. त्या काळी या वर्गातल्या बहुतेक खाजगी टीम उघड्या गाड्या वापरत, कारण उघडी गाडी बनवायला सोपी, ड्रायव्हर बदलायला सोपी आणि आत उकाडा नाही. बंद गाडी सरळ रस्त्यावर हवा कमी अडवते. ल मान्सची फेरी साडेतेरा किलोमीटरहून मोठी आणि बरीचशी थ्रॉटल दाबून मारायची, त्यामुळे पेजोने तेच केलं होतं. एप्सिलॉनने पेजोसारखाच अवघड रस्ता धरला. गाडी दिसायलाही देखणी होती, हे मान्य करायलाच हवं.

पण अशी गाडी बनवणं म्हणजे काय, ते बघा. कार्बनचं कापड राळ लावलेल्या अवस्थेत येतं आणि उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं. बाहेर काढल्या क्षणापासून त्याच्या आयुष्याचे तास मोजायला लागायचे. प्रत्येक रोलला वही असते. मोनोकॉकसाठी, म्हणजे ड्रायव्हर ज्यात बसतो त्या कार्बनच्या सांगाड्यासाठी, आधी पॅटर्न, मग त्यावरून मोल्ड, मग स्वच्छ खोलीत माणसं कापलेले तुकडे ठरलेल्या दिशेने एकेक थर लावत बसतात, मधे मधे पिशवीत घालून हवा ओढून थर दाबतात, शेवटी ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली भाजतात. त्यानंतर क्रॅश टेस्ट. त्यात तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. फ्रीझर, स्वच्छ खोली, ऑटोक्लेव्ह, डिझाइनचे इंजिनियर, लॅमिनेटर, तपासणीची माणसं: शर्यत असो-नसो, हा खर्च महिन्याच्या महिन्याला चालूच. ड्रायव्हर कमी मिळाले म्हणून ऑटोक्लेव्ह अर्धा करता येत नाही.

२००८ च्या ल मान्सला दोन ईई-वन उतरल्या. एकीत आंखेल बुर्गेन्यो, मिगेल आंखेल दे कास्त्रो आणि आद्रियान व्हाएस. दुसरीत स्टेफान योहान्सन, जाँ-मार्क गुनों आणि शिंजी नाकानो. हा व्हाएस म्हणजे २००५ मध्ये कुबित्साच्या मागे दुसरा आलेला ड्रायव्हर. दोन्ही गाड्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. नव्या गाडीचं पहिलं ल मान्स असंच जातं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अडचण निकालात वेगळीकडे होती: पहिले सहाही क्रमांक ऑडी आणि पेजोच्या डिझेल गाड्यांनी घेतले. पेट्रोलवाल्यांत सर्वांत पुढे, सातवी, पेस्कारोलो आली, आणि तिच्यातही जडचंच व्ही-टेन होतं. म्हणजे ईई-वनने चोवीस तास निर्दोष काढले असते तरी वरची मर्यादा जवळपास तिथेच होती. त्या वेळच्या नियमांत टर्बो डिझेलला एवढी ताकद मिळत होती की पेट्रोल इंजिनाची खाजगी टीम जिंकण्यासाठी धावतच नव्हती. स्पॉन्सरला हे कसं समजावणार? "सातवे आलो तर जिंकल्यासारखंच आहे" हे वाक्य बोर्डरूममध्ये चालत नाही.

माझ्या मते खरी चूक इथे आहे, आणि ती फॉर्म्युला वनच्या अर्जाच्या आधीची. स्वतःची गाडी बनवणारी छोटी कंपनी जगते गाडी विकून. लोला तशीच जगली, डल्लारा आजही तशीच जगते. त्याच काळातलं ओरेका या फ्रेंच कंपनीचं उदाहरण घ्या. तिचा संस्थापक यूग द शोनाक हाही टीमवालाच. त्याने २००७ मध्ये कुराज कंपनीचा गाड्या बनवण्याचा धंदा विकत घेतला, सुरुवातीला वरच्या वर्गात स्वतः धावला, पण डोळा ठेवला ग्राहकांवर. पुढे खालच्या एलएमपी-टू वर्गात किमतीवर मर्यादा आल्या तेव्हा त्याच्याकडे विकायला गाडी होती, सुटे भाग होते, शर्यतीला ट्रक भरून भाग घेऊन जाणारी माणसं होती. आज त्या वर्गात जवळजवळ सगळे ओरेकाच्याच गाडीत बसतात. एप्सिलॉनने सगळ्यांत महाग वर्गासाठी गाडी बनवली, जिथे कारखान्यांच्या टीम विकत घेत नाहीत आणि खाजगी टीमकडे पैसे नाहीत. २००९ च्या ल मान्सला ईई-वन नव्हती. एवढा खटाटोप करून बनवलेली गाडी, आणि तिला गिऱ्हाईकच मिळालं नाही.

त्यातच २००८ च्या शरद ऋतूपासून स्पेनची अर्थव्यवस्था कोसळली. बांधकाम कंपन्या आणि बचत बँका हे तिथल्या रेसिंगचे मोठे आश्रयदाते. तेच सर्वांत आधी गेले. मे २००९ मध्ये बास्क सरकारही बदललं. नवं सरकार जुन्या सरकारच्या लाडक्या प्रकल्पाकडे कोणत्या नजरेने बघतं, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

आता फॉर्म्युला वन. २००९ मध्ये मोटर रेसिंगची जागतिक नियामक संस्था एफआयए, तिचा अध्यक्ष मॅक्स मोस्ली याने वर्षाला चार कोटी पौंडांची खर्चमर्यादा जाहीर करून २०१० साठी नव्या टीमना आमंत्रण दिलं. ही मर्यादा टिकली असती तर व्हितोरियाचा तो कारखाना एकदम अर्थपूर्ण ठरला असता. निवड झाली कॅम्पोस, मॅनर आणि यूएस एफ-वन यांची. मर्यादा मोठ्या टीमनी हाणून पाडली. यूएस एफ-वन एकाही शर्यतीला उभी राहिली नाही. कॅम्पोसचं पुढे हिस्पानिया झालं, तीच ती एचआरटी, जिच्यात चांडोक आणि नंतर नारायण कार्तिकेयन बसला. तिची पहिली गाडी डल्लाराने बनवली होती. म्हणजे स्वतःचा कारखाना असलेली एक स्पॅनिश टीम बाहेर राहिली आणि कारखाना नसलेली दुसरी आत गेली. एप्सिलॉनच्या लोकांना याचा राग आला असेल तर तो रास्त होता. २०१० मध्ये रिकाम्या राहिलेल्या तेराव्या टीमच्या जागेसाठी त्यांनी पुन्हा अर्ज केला. सप्टेंबरमध्ये एफआयएने सांगितलं की एकही अर्जदार निकषांत बसत नाही, जागा रिकामीच ठेवली.

पण समजा, जागा मिळाली असती. त्या खेपेला आत गेलेल्यांचं काय झालं? एचआरटी एकही गुण न मिळवता २०१२ अखेर बंद. लोटस म्हणून आलेली आणि केटरहॅम झालेली टीम २०१४ मध्ये संपली. मॅनर नावं बदलत बदलत २०१७ च्या जानेवारीपर्यंत तगली. यातली एकही आज नाही. एप्सिलॉनला जागा मिळाली असती तर तारीख पुढे गेली असती आणि देणेकऱ्यांची यादी लांबली असती, एवढंच माझं मत. कर्जावर उभा कारखाना, आणि तो भरून काढायला अजून मोठं स्वप्न: या क्रमाने जाणारी टीम मी जवळून पाहिली आहे. तिथे प्रत्येक बैठकीत पुढच्या वर्षीचा आकडाच यंदाचा खड्डा बुजवत असतो.

२०११ मध्ये कंपनी न्यायालयीन दिवाळखोरीत गेली. वर्ल्ड सिरीजमध्ये त्या वर्षी एपिक रेसिंग नावाने टीम उतरली, गाडीत आल्बर्ट कोस्ताच. योगायोग असा की त्याच वर्षी फेब्रुवारीत इटलीतल्या एका रॅलीत कुबित्साचा भयंकर अपघात झाला आणि त्याची फॉर्म्युला वन कारकीर्द कितीतरी वर्षं थांबली. हार्टलीने पुढे ल मान्स तीनदा जिंकलं, कोस्ताने २०२३ मध्ये एलएमपी-टू वर्ग जिंकला, कुबित्साने २०२५ मध्ये फेरारीतून एकूण विजेतेपद मिळवलं. जे काम त्यांना येत होतं, ते पक्कं येत होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. जा. पाट्यावर गाडी बसवायला, डेटा वाचायला आणि रात्री अकराला गिअरबॉक्स बदलायला छोट्या टीमइतकं कुठेच शिकायला मिळत नाही. मोठ्या टीममध्ये तुम्ही पाच वर्षं एकाच ब्रॅकेटवर बसाल. फक्त मुलाखतीत ल मान्स आणि फॉर्म्युला वनच्या योजना ऐकून हुरळू नका. या मोसमाच्या किती सीट विकल्या गेल्यात आणि पहिला हप्ता आला का, हे सरळ विचारा. चांगला टीम मॅनेजर या प्रश्नाने चिडत नाही. टायर आणि इंजिनचे पैसे पुरवठादार उधारीवर देतो की आधी मागतो, हे पॅडॉकमध्ये कुणाही ट्रक ड्रायव्हरला विचारलंत तर कळेल. आधी मागत असेल तर सावध राहा. आणि करार बारकाईने वाचा: अशा ठिकाणी शर्यतीची कंपनी वेगळी आणि कारखान्याची वेगळी असणं नेहमीचं असतं. तुमचा व्हिसा ज्या कंपनीच्या नावावर आहे, पगारही तीच देणार आहे ना, हे लेखी घ्या, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे स्वतःच्या खात्यात बाजूला ठेवा.